आधी वाच, मग पूस

बाई, मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, असं कोणीही म्हणेल. पण तुम्ही होत्या तेव्हा तुमच्यासमोर माझं तोंड उघडत नव्हतं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? मेडशीच्या शाळेत मी बोलताना अडखळायची. शब्द दातांशी येऊन अडून बसायचा, पोरं खिदळायची, आणि तुम्ही म्हणायच्या, "तिले तरास नका देऊ रे. ये बाप्पा, तू फळा पूस." मी फळा पुसायची. हजेरीलासुद्धा तुम्ही माझं नाव पुकारत नव्हत्या, नुसतं माझ्याकडे बघून खूण करायच्या. सारं गाव म्हणे, बाई म्हणजे मायच. मग पाचवीला मी एसटीनं तालुक्याच्या शाळेत जाऊ लागले. तिथल्या सरांनी नाव पुकारलं, तर 'हजर'मधला 'ह' काही केल्या निघेना, आणि मी डोळ्यांसमोर बसलेली असताना सरांनी माझी गैरहजेरी लावली. असं कितीतरी दिवस चाललं. तुमच्या मायेनं मला एक साधा शब्द म्हणायची सवय लावली नव्हती, बाई.

आता मीच शिकवते. माझ्या चौथीत एक पोरगी आहे, तिच्या अम्मीचं बांगड्यांचं दुकान आहे. बोलायला चुणचुणीत, हिशेब तोंडी करते, पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्यापुढे एकमेकांत मिसळतात. आधीच्या मॅडमनी तिच्या हाती काय दिलं असेल? डस्टर! समावेशक शिक्षणाची आमची प्रशिक्षणं झाली, चहा-बिस्किटं झाली, फोटो निघाले. विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्याकडे गावंच इतकी, की ते पुन्हा येईतोवर पोरगी अख्खा धडा विसरलेली असते. आणि आमचे मुख्याध्यापक म्हणतात, राहू द्या मॅडम, गरीब पोरगी आहे, फळा मस्त पुसते. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एक दिवस मी तिच्या हातातून डस्टर काढून घेतलं आणि वाचायला बसवलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईचना.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिची अम्मी दुकान बंद करून आली. "मॅडम, तिचं काम काहून काढून घेतलं तुमी?" मी समजावायला लागले, तिनं शिकावं म्हणून, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "शिकवा ना. पण शाळेत तिले तेवढंच तर येते. तेच घेतलं, तर पोरगी शाळेत कायले येईन?" मला आधी तिचा राग आला. मग तिचं खरं होतं म्हणून आणखी राग आला.

डस्टर परत दिलं मी. फक्त अट घातली, आधी वाच, मग पूस. जो शब्द वाचता येईल तेवढाच पुसायचा, बाकीचे राहतील. आणि राहतातच हो! पहिल्या दिवशी 'पाणी' तेवढं पुसलं गेलं. उरलेल्या जागेत मी दाटीवाटीनं गणित लिहिलं, पोरं माना वाकड्या करून बघत बसली. ती शब्दापुढे उभी राहते, पोरांना मी कुजबुजू देत नाही, आणि मला स्वतःलाच तो शब्द सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. हे थांबणं किती जिवावर येतं, तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कधी थांबल्याच नाहीत.

परवा शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची भेट होती. 'सोयाबीन' हा शब्द आठवडाभर फळ्यावर तसाच. मुख्याध्यापक धावत आले, साहेब गेटात येऊन राह्यले अन् फळा असा, असं पुटपुटत त्यांनी स्वतःच डस्टर उचललं. पोरगी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"थांबा सर. मले वाचायचा हाय तो अजून."

साहेब दारात. मुख्याध्यापकांचा हात वर. "सो," ती म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग "या". मग "बीन". मग तिनं सरांच्या हातून डस्टर घेतलं आणि तो शब्द असा पुसला, की खडूचा कणही उरला नाही. आज मात्र ती पुन्हा 'पाणी'वर अडली. कपाळावर हात मारून घेतला मी. पण ती फळ्यासमोरून हलली नाही.

हे सगळं तुम्हाला ऐकवायचं होतं. एकदा तरी माझं नाव पुकारून थांबायचं होतं ना, बाई! पण हे पत्र धाडायचं तरी कुठे? आणि धाडता आलं असतं, तरी धाडलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळायला नको. दर महिन्याला आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांची परिषद भरते. ओळीनं एकेक जण उठून नाव, गाव, शाळा सांगतो. माझी पाळी जवळ आली, की मी हळूच उठते आणि फळा पुसायला लागते.