जीपचा आवाज

अण्णा,

जीप मी नेलीय. गॅरेजवाल्या मिस्त्रीला फोन करून शिव्या देऊ नका, सायलेन्सर बदलायला मीच सांगितलं. जुन्याची गंजून चाळणी झाली होती. तुम्ही त्या आवाजाला रुबाब म्हणायचात, अख्खा गारखेडा त्याला वैताग म्हणायचा.

कन्नडला वच्छलाआत्याकडं चाललेय. सोमवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, आन् त्यासाठी ती इथं यष्टीनं एकटी येणार होती. सख्ख्या भावाच्या दारात जीप उभी असून! बांधावरून तुमचं काय बिनसलं ते परत सांगू नका, लई वेळा ऐकलंय. पण मागच्या भाऊबीजेला तुम्ही तिच्या गल्लीत शिरलात, तिनं आवाजावरून जीप ओळखली आन् आतून कडी लावली, हे तुम्ही घरात कुणाला सांगितलं नाय. मला तिनंच सांगितलं. सांगताना रडली.

म्हणून ही खटपट. आज मी दारात उभी राहीपर्यंत तिला पत्ता लागणार नाय. तुम्ही ही चिठ्ठी वाचताय, म्हणजे तुमच्या उशाच्या खिडकीखालून जीप गेली तरी तुमची दुपारची झोप मोडली नाय. काम पक्कं झालंय.

पुढच्या खोलीतल्या कॉटवर तिच्यासाठी धुतलेली चादर टाकलीय. तिथं पेपर पसरू नका.

संध्याकाळी तिला घेऊनच येते. जीपचा आवाज मी कमी केलाय. तुमचा तुम्ही करा.

संस्कृती