नववी रांग, पाचवे आणि सहावे आसन

हॅमिल्टन,
मंगळवार, २ जून

प्रिय कॅलम,

बाकी काही लिहिण्यापूर्वी घटना नोंदवते, आणि त्या घडल्या त्याच क्रमाने नोंदवते. गुरुवारी, अठ्ठावीस मे रोजी, आपला हॉकी संघ उपांत्य मालिका जिंकला आणि क्लबच्या एकतीस वर्षांत प्रथमच अंतिम मालिकेत पोहोचला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता माझ्या फोनवर क्लबचा संदेश आला. त्यात सात उद्गारचिन्हे होती. वरच्या गॅलरीतील नवव्या रांगेतले पाचवे आसन, जे माझे, आणि सहावे, जे आल्दो फांतीन यांचे पण माझ्या खात्यावर नोंदलेले, अशी दोन्ही आसने पहिल्या सामन्यासाठी आम्हाला ‘सन्मानपूर्वक देऊ केली’ होती. दर आसनी तीन हजार एकशे डॉलर. मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत. एरवी त्याच आसनाचे आम्ही पंच्याऐंशी डॉलर देतो. शनिवारी सकाळी पाहिले तर आकडा तीन हजार चारशे पन्नास झाला होता. आसन तेवढेच होते. रविवारी दुपारी दोन वाजता तीच दोन आसने क्लबच्याच पुनर्विक्रीच्या पानावर प्रत्येकी सात हजार चारशेला लागली. सोमवारी सकाळी तू, त्याच क्लबच्या तिकीटदरांचा प्रमुख, मला फोन केलास. गुरुवारी सामना आहे आणि आल्दोंना बसायला जागा नाही.

फोनवर तू काय बोललास ते तू विसरला असशील, म्हणून तेही लिहून ठेवते. “एल्सी, उगाच डोकं तापवून घेऊ नकोस. दर मी ठरवत नाही, मागणी ठरवते.” मी विचारले, “मग पगार कोण घेतं? मागणी की तू?” तू हसलास. तुझे हसणे बाबांसारखे आहे, हे मला त्या क्षणी सहन झाले नाही. मग म्हणालास, “गुरुवारी आमच्या पाहुण्यांच्या काचेच्या खोलीत ये ना. उबदार असतं, धक्काबुक्की नाही, कोळंबी असते.” बर्फावरची हॉकी पाहायला काचेआड, उबेत, कोळंबी खात! त्यानंतर चाळीस मिनिटे मी तुझ्या एकेका युक्तिवादाची चिरफाड केली, आणि शेवटी तू म्हणालास, “बरं बाई, तू म्हणतेस तेच खरं.” फोन ठेवल्यावर मी खुर्चीत ताठ बसून राहिले. मी जिंकले होते, आणि ज्यासाठी तुझ्याशी बोलायचे होते ते एक अक्षरही तोंडातून निघाले नव्हते.

मला महागाईचा संताप आलेला नाही, कॅलम. महाग वस्तू मी आयुष्यभर पाहिल्या, काही विकतही घेतल्या. मला किळस आली आहे, आणि ती नेमकी कशाची हे सांगणे माझे कर्तव्य आहे. नाताळच्या जेवणात टर्की कापता कापता तू तुझ्या नव्या पद्धतीचे कौतुक सांगत होतास. “जुना प्रेक्षक सोडून जात नाही, एल्सी. आकडेच सांगतात. मग त्याला सवलत द्यायची कशाला? सवलत नव्याला द्यायची, जुन्याला फक्त आठवण करून द्यायची की जागा जाऊ शकते.” टेबलाभोवती सगळे माना डोलावत होते. मीही सॉस पुढे सरकवला. तीस वर्षे एखादा माणूस एका जागी येऊन बसतो, संघ तळाला असतानाही येतो, आणि त्याच्या त्या येण्याचाच हिशेब करून तुम्ही त्याला अधिक पिळता. वर त्याला नाव देता ‘निष्ठा लाभ’. लुटणारा निदान सन्मानपूर्वक हा शब्द वापरत नाही. उणे पंधरा अंशांत बसथांब्यावर उभे राहून आलेल्या माणसाकडून आवाज फुकट घ्यायचा, तोच आवाज दूरचित्रवाणीला विकायचा, आणि अखेर जेव्हा ओरडण्यासारखे काही घडते तेव्हा त्या माणसाच्या जागी असा कोणी आणून बसवायचा ज्याला खेळातली रबरी चकती कुठे आहे हे शेजाऱ्याला विचारावे लागते. हे ज्याने योजले त्याला त्रिकोणमिती मी शिकवली होती, आपल्या स्वयंपाकघरात. ही किळस थोडी माझ्याही वाट्याला येते.

तू वर्षानुवर्षे त्या गॅलरीत चढलेला नाहीस, म्हणून रांगेची आठवण करून देते. पाचवे आसन बाबांचे. सहावे आल्दोंचे. दोघेही पोलाद कारखान्यात, बाबा भट्टीवर, आल्दो वरच्या क्रेनवर. कारखान्यात तीस फूट अंतर आणि इथे कोपराला कोपर. एकोणीस वर्षांपूर्वी बाबा गेले. त्या दिवशी तुझा खांदा मोडून गळ्यात बांधलेला होता, म्हणून शवपेटीची तुझ्या बाजूची मूठ आल्दोंनी धरली. आसन मृत्युपत्राने माझ्याकडे आले. आपल्याकडे घर मुलांत वाटले जाते, आसन मात्र एकालाच मिळते, आणि तू तेव्हा व्हँकुव्हरला होतास. मला हॉकीत रस नव्हता. पहिला हंगाम मी मध्यंतरात उत्तरपत्रिका तपासत काढला. आल्दो मान वाकडी करून वाचत. “मास्तरीणबाई, या पोराला पास करा हो. आपण दोन गोलांनी पुढं आहोत, आज कुणाला नापास करायचं नसतं.” मी सांगितले की त्याने कराराची व्याख्याच चुकवली आहे. “मग काय झालं? आपल्या गोलरक्षकानं परवा पाच चुकवले. त्याला कुणी घरी पाठवलं का?” पुढे पुढे मी उत्तरपत्रिका आणणे सोडले. त्या पोराला मी पास केले नाही, हेही खरे आहे.

घरात बसून मी कोणाशी एवढे बोलत नाही जेवढे तिथे बोलते. हिवाळ्यात एकेचाळीस संध्याकाळी, एकोणीस वर्षे. आल्दोंच्या घरी मी फक्त दोनदा गेले आहे. त्यांची पत्नी रीना वारली तेव्हा, आणि एकदा घरच्या वाइनसाठी द्राक्षे पिळायला. तरी त्यांचा रक्तदाब, त्यांच्या मुलीचा एडमंटनचा संसार, चौथ्या मिनिटाला त्यांचा कोणता गुडघा दुखतो, सारे मला ठाऊक आहे. भाजलेल्या मिरच्या आणि अंड्याचा पाव ते कोटाच्या अस्तरात लपवून आणतात, कारण बाहेरचे खाणे तुम्ही बंद केले. तपासणीवरची मुलगी दर वेळी अस्तर चाचपते आणि म्हणते, “फांतीन आजोबा, आज हृदय जरा उजवीकडं सरकलंय वाटतं,” आणि आत सोडते. क्लबच्या नोकरांत माणुसकी उरलेली ती एकटीच असेल. तिचे नाव मी तुला सांगणार नाही.

तिकिटे कागदाऐवजी फोनवर येऊ लागली तेव्हा आल्दोंकडे तसला फोन नव्हता. ते म्हणाले, “माझी जागा तुमच्या नावावर टाका. तुम्ही कायदा शिकवता, तुमच्या हातून काय चुकणार?” मी टाकली. गेली सहा वर्षे त्यांचे आसन माझ्या बोटावर चालते. या वर्षी बाद फेरी सुरू झाली तशी त्यांनीही खेळाडूंच्या प्रथेप्रमाणे दाढी करणे सोडले. एप्रिलपासून एकोणऐंशी वर्षांचा माणूस पांढरी दाढी वाढवून फिरतो आहे आणि रस्त्यात ओळखीचा कोणी थट्टा करू लागला की सांगतो, “चषक आला की काढीन. नाहीतर पुरताना काढा.”

शनिवारी दुपारी तीन वाजता ते माझ्या दारात आले. त्यांच्या आसनाच्या पूर्ण रकमेचा बँकेचा धनाकर्ष त्यांनी टेबलावर ठेवला. मी विचारले, हे कुठून आणले. “द्राक्षं पिळायचं यंत्र गेलं. पिंपंही गेली. बरं झालं, तळघरात जागा झाली.” ते यंत्र त्यांच्या वडिलांनी इटलीहून बोटीने आणले होते. मी म्हणाले की हा दर अन्याय्य आहे, मी लढेन. त्यांनी माझ्याकडे जसे पाहिले तसे मी कोणत्याही विद्यार्थ्याला पाहू दिले नसते. “मास्तरीणबाई, लढा की. पण आधी ते बटण दाबा. मग आत बसून लढू.”

वर घटना क्रमाने लिहिल्या असे मी म्हटले. त्यांतली एक मी गाळली आहे. शनिवार दुपार आणि रविवार दुपार यांच्या मध्ये जे घडले ते लिहिले नाही.

मी बटण दाबले नाही. मी अटी वाचल्या, अडतीस पाने. एका कलमात दर ‘वाजवी मर्यादेत’ बदलतील असे म्हटले होते आणि मर्यादा कुठेच दिलेली नव्हती. मला आनंद झाला, कॅलम. मला लाज वाटते, पण खरोखर आनंद झाला, जसा चांगला दोष सापडल्यावर मला नेहमी होतो. मी चार पानी पत्र लिहिले, तळटिपांसह. आसने आम्ही घेत आहोत, मात्र किमतीला आमचा विरोध आहे आणि तो नोंदवून लेखी खुलासा द्यावा, असा त्याचा आशय. तुमच्या त्या पडद्यावर दोनच बटणे होती: ‘स्वीकार’ आणि ‘अटी मान्य नाहीत’. लिहायची जागा दुसरे दाबल्याशिवाय उघडत नव्हती. रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी दुसरे दाबले आणि पत्र जोडले. तीन सेकंदांत उत्तर आले. ‘आपला निर्णय नोंदवला आहे. आसने मुक्त केली आहेत!’ पुन्हा उद्गारचिन्ह.

अट घालून दिलेला होकार हा नकारच असतो, आणि नकार दिला की देऊ केलेले संपते. हे मी एकतीस वर्षे पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवले. ज्यांना ते कळले नाही त्यांना मी नापास केले, त्या पोरासकट. मी मदतीसाठी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. एका नम्र तरुणाने सांगितले की नकार नोंदवलेल्या खात्याला या मालिकेचे एकही तिकीट विकत घेता येत नाही, पुनर्विक्रीतलेही नाही, आणि पुढल्या हंगामासाठी दोन्ही आसनांवरचा हक्कही संपला आहे. त्याने विचारले, “आणखी काही मदत करू का, मॅडम?” मी त्याचे व्याकरण सुधारले आणि फोन ठेवला. पाहा, त्या क्षणीही मला तेच सुचले.

तेव्हा हे पत्र का लिहिले ते आता सांगते. तुझ्या क्लबला शिव्या घालण्यासाठी मला पत्राची गरज नव्हती. ते मी फोनवर उत्तम करते. कायद्याने माझे काहीही चालत नाही, हे वाक्य मी कधी लिहिले नव्हते, आज लिहिते. नकार मी दिला. आल्दोंनी दिलेला नाही. त्यांचा धनाकर्ष माझ्या टेबलावर तसाच पडला आहे आणि त्यांना अजून काहीही ठाऊक नाही. गुरुवारी पाच वाजता ते मला घ्यायला येतील. तुझ्या हुद्द्यावरच्या माणसाला सहीनिशी अपवाद करता येतो, हेही तूच नाताळात सांगितलेस. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेले नाही. मागणे मला जमत नाही, म्हणून हे कदाचित वाईट लिहिले गेले असेल. सहावे आसन आल्दो फांतीन यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने परत दे, गुरुवारसाठी आणि पुढल्या प्रत्येक हंगामासाठी. तुमच्या नियमाला कोणाला तरी बाहेर काढल्याशिवाय समाधान होत नसेल, तर मला काढ, बाबांच्या आसनासकट, कायमचे. मी त्यावर सही करीन आणि एकही अट घालणार नाही. काचेच्या खोलीतली जागा त्यांना देऊ करू नकोस. तिथून आवाज बर्फापर्यंत पोहोचत नाही. हे पत्र मी स्वतः तुझ्या कचेरीत आणून देऊन पोच घेणार आहे. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला उत्तर हवे, हो किंवा नाही, आणि ते लेखी हवे. फोन करू नकोस, कॅलम. फोनवर मी वाद घालीन, आणि जिंकेन, आणि आल्दो बाहेरच राहतील.

तुझीच बहीण,
एल्स्पेथ