कुंडीत लावलेल्या चार मेणबत्त्या

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘बरा आहे’ असं लिहिलंत, पण तेवढ्याच ओळीचं अक्षर वाकडं आलं होतं, म्हणून पुन्हा विचारते. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे. बोटांचं विचाराल तर दहाच्या दहा आहेत आणि वाकतातसुद्धा.

पहिली गोष्ट, तुम्ही पाठवलेला विजेचा हीटर पोचला. किती जपून बांधला होतात! दोरी सोडायलाच मला अर्धा तास लागला (दोरी ठेवून घेतली आहे, चांगली आहे). दुकानात नेऊन बटण दाबलं, तर दोन मिनिटं अशी ऊब आली की डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या मिनिटाला दुकानांची अख्खी ओळ बंद पडली. शिंप्याचं मशीन थांबलं. पलीकडच्या न्हाव्याचं यंत्र एका गृहस्थाच्या अर्ध्या डोक्यावर थांबलं, आणि ते गृहस्थ तसेच रस्त्यावर येऊन कोणी काय केलं ते विचारू लागले. शेजारचे नळवाले काका येऊन माझ्या भिंतीतली वायर बघून गेले. म्हणाले, “वहिनी, ही वायर तुमच्या लग्नाच्या आधीची आहे. तिने एक दिवा लावला तरी उपकार माना.” तेव्हापासून हीटर बंद आहे, पण वाया गेलेला नाही. त्यावर मी पुठ्ठे रचते. तुमची आठवण दिवसातून वीस वेळा होते.

आता मुद्द्याचं. मी तुम्हाला शब्द दिलाय तो विसरलेले नाही: या थंडीत हातात घेतलेलं एक जरी काम वेळेत पुरं झालं नाही, तर दुकानाला कुलूप लावून कायमची तुमच्याकडे राहायला येईन. तुम्ही ते प्रेमानेच वदवून घेतलंत, मागच्या हिवाळ्यात माझी सुजलेली बोटं पाहून. तुमच्या घरी मला काही कमी पडणार नाही हेही ठाऊक आहे. पण वन्सं, दुकान बंद केलं तर सकाळी उठून मी काय करू? हे गेल्याला दोन वर्षं होतील. रडणं आपलं येतं-जातं, त्याचं मी फार काही करत नाही. पण हात रिकामे राहिले की ते मुक्कामाला येतं. म्हणून मी वाचनालयाचं काम घेतलं. एकशे चाळीस जुनी पुस्तकं उसवून, नीट लावून, पुन्हा शिवून बांधायची, महिनाअखेरपर्यंत.

अडचण एकच, सरस. पुस्तकाच्या पाठीला लावायचा हा सरस गरम असेल तरच पातळ राहतो. दुकान आठ फूट बाय दहा, दार रस्त्यावर उघडणारं, आणि गारठा असा की घरून गरम करून आणलेला डबा दुकानात पोचेपर्यंत दगड होतो आणि कुंचला त्यात उभा राहतो. पहिल्या आठवड्यात माझी नऊ पुस्तकं झाली. त्या हिशेबाने मी तुमच्याकडे राहायला येणार हे नक्की होतं.

तेव्हा मला ते पुस्तक आठवलं, घरच्या घरी वस्तू बनवण्याचं, ज्याच्या चाळीस प्रती आमच्याकडे बांधायला आल्या होत्या. त्यातली एक मी ठेवून घेतली होती. तुम्हाला माहीतच आहे, मी शाळेत गेले नाही. शिवता शिवता समोर आलेल्या पानांवरून वाचायला शिकले, त्यामुळे अनेक गोष्टींचे मधले भाग मला पाठ आहेत आणि शेवट ठाऊक नाहीत. आणि छापलेलं असलं की माझा विश्वास बसतो. कोणीतरी करून बघितल्याशिवाय कशाला छापतील?

तर पान अठ्ठेचाळीसवर लिहिलं होतं की लहान खोलीसाठी मेणबत्तीवर चालणारी शेगडी करता येते. साहित्य: मातीच्या दोन कुंड्या, एक मोठी आणि एक तिच्यात मावेल अशी, लांब बोल्ट, चकत्या, नट, दोन विटा, चार मेणबत्त्या. पानाच्या शेवटी होतं, ‘प्रथम मोठी कुंडी घ्यावी. ती’ आणि मी समोरच्या पानावर गेले. पुढे होतं, ‘दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावी.’ ठेवली. ‘तळाच्या भोकावर विटेचे तुकडे ठेवून वर चार बोटं कुजलेलं खत पसरावं.’ इथे मी जरा थांबले. पण मग वाटलं, खत कुजताना गरम होतं हे तर आपण पाहिलेलं आहे, केवढा विचार केलाय यांनी! रोपवाटिकेतून खत आणलं. (विटा फोडताना नळवाले काकांनी पाहिलं, पण बिचारे काही बोलले नाहीत. विधवा बाई विटा फोडत असली की लोक आदराने गप्प बसतात.) त्यापुढे होतं, ‘मग चार रोपं सारख्या अंतरावर लावावीत, फार खोल नकोत.’ ही मात्र छपाईतली चूक आहे असं मी ठरवलं, रोपं नव्हे, मेणबत्त्या. चार मेणबत्त्या सारख्या अंतरावर लावल्या. फार खोल नाही. बोल्ट आणि लहान कुंडी उरली, पण यंत्र जोडताना काहीतरी उरतंच असं तुमचे बंधू नेहमी म्हणायचे.

आता तुम्ही घाबरू नका. कागदाची कात्रणं आधीच बाहेर काढली होती, वाळूची बादली शेजारी होती, खिडकी वीतभर उघडी होती. मेणबत्त्या पेटवल्या. दिसायला फार छान दिसत होतं, कोणाचा तरी वाढदिवस असावा तसं. मेणबत्त्या संपत संपत खतापर्यंत आल्या आणि मग खत धुमसू लागलं. त्या वासाचं वर्णन मी तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या बाईंना लिहिणार नाही. पुस्तकात होतं, ‘वरून थोडं पाणी शिंपडावं’, म्हणून मी पाणी शिंपडलं. फुस्स झालं, खाली धुमसत राहिलेलं खत आणखी चिडलं, आणि ती ओली कुंडी कोणी कानाखाली वाजवावी तसा आवाज करून उभी चिरली. नेमक्या त्याच क्षणी ग्रंथपाल बाई दारात उभ्या. काम कुठवर आलं ते बघायला आल्या होत्या.

नाकाला पदर लावून त्या म्हणाल्या, “काय करताय हे?”

मी म्हटलं, “शेगडी. पुस्तकात बघून.”

त्यांनी पुस्तक घेतलं आणि मोठ्याने पुढचं वाचलं, “पंधरा दिवसांत पहिली कळी दिसू लागेल.” मग माझ्याकडे पाहिलं. “बाई, शेगडीला कळी?” आणि पानांचे आकडे दाखवले. अठ्ठेचाळीसनंतर एकदम पासष्ट. सोळा पानांचा एक गठ्ठा मागे आणि त्यामागचा पुढे लागला होता. शेगडीच्या पोटात बागकाम शिरलं होतं.

“कुठल्या आंधळ्याने हे बांधलंय?” मी चिडून म्हटलं आणि पुस्तक हातात घेऊन शिलाई पाहिली. वन्सं, गाठ डावीकडे होती. सगळ्या ओळीत, सगळ्या गावात गाठ डावीकडे मारणारी मी एकटीच आहे. हे गेल्यानंतरचं पहिलं काम होतं ते. चाळीसच्या चाळीस तशाच गेल्या असणार.

मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही, कारण तेवढं सुचण्याआधीच तोंडातून “मीच, आणि अशा चाळीस” निघून गेलं होतं. त्यांनी पुन्हा चिरलेल्या कुंडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुस्तकं परत मागणार, आणि मी मनात तुमच्याकडे यायची पिशवी भरायला घेतली. पण त्या एवढंच म्हणाल्या, “त्या चाळीस परत मागवून फुकट बांधून द्या. आणि आमची एकशे चाळीस, प्रत्येकाचे आकडे दोनदा तपासून. एक चुकलं तरी मी बाकीची नेईन.” जाताना गळ्यातला लोकरी रुमाल काढून पुस्तकं दाबायच्या शिकंज्यावर ठेवून गेल्या. विसरल्या असं दाखवलं, पण रस्त्यावर उतरल्यावर मागे वळून हसल्या. देव त्यांचं भलं करो.

मग खरं पान एकोणपन्नास शोधून वाचलं. कुंडी कोरडी हवी, उपडी हवी. नळवाले काकांनी एका कुंडीत दुसरी बोल्टने अडकवून दिली, विटांवर ठेवली, खाली चार मेणबत्त्या. खोली तापते का? नाही. काका म्हणाले, “मेणबत्तीत असेल तेवढीच ऊब मिळणार, कुंडी काय स्वतःच्या खिशातून घालणार आहे?” पण वीतभर अंतरात सुरेख उबारा असतो. काकांनी वर तारेची तिवई बसवली, तिच्यावर सरसाचा डबा. वन्सं, सरस दिवसभर मधासारखा राहतो! मी गारठते, तो गारठत नाही. अधूनमधून दोघं जागा वाटून घेतो. आज एकशे बारा पुस्तकं झाली आहेत. आठ दिवस आणि अठ्ठावीस पुस्तकं उरली आहेत. तेव्हा काळजी करू नका, मला न्यायला येण्याची गरज पडणार नाही. मी एकटी सगळं निभावते आहे. सगळ्यांचे उपकार आहेत, तुमचे सर्वांत जास्त.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. त्या चाळीसांपैकी एक प्रत मी तुम्हाला भेट दिली होती. कृपया परत पाठवा आणि तोवर त्यातलं काहीही करू नका, विशेषतः पान ऐंशी. तिथे लिहिलंय की डाग पडलेली चादर घ्यावी, तिला रॉकेल चोळावं, ‘ती’, आणि समोरच्या पानावर ‘विटांवर उपडी ठेवून खाली चार मेणबत्त्या पेटवाव्यात.’

ता. क. दुसरा. एकटी निभावते असं वर लिहिलं ते खोडत नाही, पण पुरतं खरंही नाही. शिवण्याआधी गठ्ठे तपासताना हे एकेका गठ्ठ्याचा पहिला आकडा मोठ्याने म्हणायचे आणि मी बघून ‘आहे’ म्हणायचे. आता आकडाही मीच म्हणते आणि ‘आहे’ही मीच म्हणते, आणि स्वतःला ‘नाही’ म्हणणं मला जमत नाही. ती चाळीस पुस्तकं तशीच चुकली. म्हणून आता प्रत्येक पुस्तक चार-चारदा तपासते, त्यातच दिवस जातो, आणि खरं सांगायचं तर उरलेली अठ्ठावीस सगळ्यांत जाड आहेत, या वेगाने आठ दिवसांत होणार नाहीत. तर वन्सं, न्यायला म्हणून नव्हे, पण येता का? आठच दिवस. दुकानात खुर्ची आहे, पायाशी शेगडी ठेवीन, गुडघ्यालाही बरं वाटेल. तुम्ही तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीत, आकडे म्हणायला तुम्हाला काय लागतं? शिवाय ‘एकोणपन्नास’ म्हणताना तुम्ही भावंडं मधला ‘ण’ सारखाच गिळता. तो ऐकून मला दोन वर्षं झाली.