बटण बंद होतं

पापडी, दसरा, १९५५

बटण बंद होतं. मी स्वतः बंद केलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे कोयता, पहार, कुदळ यांना हळदकुंकू वाहतात. यंदा घरात वीज आली, म्हणून आई म्हणाली, "दिव्यालाही वाहू दे रे." मी बटण बंद केलं आणि म्हटलं, "लाव खुशाल." ओल्या सारवणावर अनवाणी उभं राहून तिने दिव्याच्या पितळी होल्डरला कुंकवाचं बोट लावलं, आणि किंचाळून मागे फेकली गेली. वाचली. नशीब.

वायरमनला बोलावलं. त्याने होल्डर उघडला. आतली तार सोलवटून पितळेला टेकली होती. पण बटण तर बंद होतं ना? तो म्हणाला, "मास्तर, बटण तुम्ही येणाऱ्या तारेऐवजी परतीच्या तारेवर बसवलंत. वीज दिव्यापर्यंत येऊन उभीच होती."

ही जोडणी माझीच, हौसेने केलेली. बटण बंद की वीज बंद, असं मी शाळेत पोरांकडून घोकून घेतो!

आई वायरमनला सांगत होती, "त्याने बंद केलं होतं हो. माझाच हात ओला."

आणि मी मान डोलावली.