लिंबाएवढं केंद्रक

३ डिसेंबर
कॉलेज सोडलं. कायमचं. फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर हायड्रोजनचा अणू काढला. मधे लाडवाएवढं केंद्रक, वीतभर लांब इलेक्ट्रॉन. मी उभा राहून म्हणालो, स्केल साफ चुकलंय. सर म्हणाले, मग फळा काय धुळ्यापर्यंत न्यायचा? सगळा वर्ग हसला. नूतनही हसली, पण तिचं हसणं वेगळं. त्यात अभिमान होता. मी बाक आपटून निघालो. दारातून वळून पाहिलं, तर ती मान खाली घालून लिहीत होती. रडू लपवत असणार.

४ डिसेंबर
आजपासून राग बंद.
संध्याकाळी आबांनी विचारलं, कॉलेज का सोडलं. ताट भिरकावलं. रिकामं होतं, त्यामुळे धरत नाही.

११ डिसेंबर
ठरलं. खऱ्या स्केलचा अणू करणार, इथेच धरणगावला, आमच्या वावरात. हायड्रोजनच घेणार. एक केंद्रक, एक इलेक्ट्रॉन, तिसऱ्याचं काम नाही. केंद्रक लिंबाएवढं धरलं तर इलेक्ट्रॉन सव्वा किलोमीटरवर. मधे काही नाही, नुसती पोकळी. नूतनने हे बघितलं की सर संपले. तिथेच तिला लग्नाचं विचारून टाकणार.
इलेक्ट्रॉन किरण होणार. जिवलग मित्र. शिवाय मोटारसायकल आहे.

२१ डिसेंबर, दुपारी
नूतन आली. मी वावरात लिंबू धरून उभा. किरण लांब एरंडोल रस्त्याला, डोक्याला लाल रुमाल बांधून मोटारसायकलवर चकरा मारतोय. ती म्हणाली, अरे, इलेक्ट्रॉन असा चकरा नाही मारत, त्याचा ढग असतो, नेमका कुठे ते सांगता येत नाही. मी चिडलो नाही. फक्त ओरडलो. ती म्हणाली, तुझ्याजवळ बघायला लिंबूच आहे, मी इलेक्ट्रॉन बघून येते. गाडीला किक मारून गेली. पोरगी जिज्ञासू आहे.

साडेपाच
आली नाही. केंद्रकाने जागा सोडायची नसते म्हणून उभा. किरण फोन उचलत नाही. नेमका कुठे ते खरंच सांगता येत नाही.
आबा येऊन म्हणाले, बठ्ठा कापूस वावरमा पडेल शे, अन् तू लिंबू धरीसन काय उभा? घरी नेऊन त्यांनी केंद्रक वरणात पिळलं.

१४ जानेवारी
दोघं रसवंतीवर दिसले. किरण म्हणाला, तुझ्याच प्रयोगाबद्दल बोलतोय रे. खरं असणार. पोट धरून हसत होते. नूतनला आज विचारणार होतो, पण तिच्या तोंडात बर्फ होता.

२ मे
किरण-नूतनचा साखरपुडा झाला. किरणला धुळ्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी लागली, लग्नानंतर ती पण तिकडेच. किरणची आई सुंदरबाई पेढा हातावर ठेवून म्हणाली, तुन्हामुळेच जमनं रे भाऊ. पेढा फेकला नाही. खाल्ला.
रात्री गणित परत मांडलं. केंद्रक लिंबाऐवजी माझ्याएवढं धरलं, तर इलेक्ट्रॉन थेट धुळ्यात जातो. दोनदा तपासलं. फळा तेवढाच लागला असता.
मधे पारोळा लागतं. बाकी काही नाही.