झोपलेल्या माणसाचा होकार

आई, सोमवारी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे आणि मला एक गोष्ट विचारायची आहे. ती विचारायला आता तू नाहीस, म्हणून लिहिते आहे. मला पाल्हाळ आवडत नाही हे तुला माहीत आहे, तरी आज सरळ मुद्द्यावर येता येत नाहीये. सकाळपासून तीनदा ओटा पुसला.

परवा आमचे नवे पाळक घरी आले होते. तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. मनीषनगरला आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट बंद असताना चढून आले, ह्यांच्या पलंगाशी बसून प्रार्थना केली, चहा घेतला. निघताना दारात मला हळूच म्हणाले, "मॅडम, काकांचा बाप्तिस्मा झालेला नाही. तुम्ही इतकी वर्षं चर्चच्या मुलांचा दृढीकरणाचा वर्ग घेता, तुम्हाला मी काय सांगणार?" खरंच, मला काय सांगणार? तारण कृपेने मिळतं, कमाईने नाही. माणसाकडून लागतो तो पश्चात्ताप आणि ख्रिस्तावर विश्वास. बाप्तिस्मा म्हणजे त्या विश्वासाची चारचौघांत दिलेली साक्ष. हे उत्तर मी किती मुलांकडून घोकून घेतलं असेल. मी ते तिथेच, चपलांच्या स्टँडजवळ उभी राहून म्हणून दाखवलं. पाळक म्हणाले, "बरोबर. पण साक्ष द्यायला आयुष्यभर वेळ होता आणि दिली नाही, तर आत विश्वास होता असं आपण कशावरून म्हणायचं?" वर्गात एखाद्या मुलाने असं विचारलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं.

तेव्हापासून मला तो मिशनचा दवाखाना आठवतोय. तू बायकांच्या वॉर्डात नर्स, दुपारची ड्यूटी असली की मी शाळेतून थेट तिकडेच. खिडकीजवळच्या खाटेवर कळमेश्वरकडची एक म्हातारी होती, मला सुकी बोरं द्यायची. त्या रविवारी संडेस्कूलमध्ये आम्हाला बाप्तिस्म्याचा धडा झालेला आणि मला एकदम कळलं की ह्या म्हातारीचं काही खरं नाही. मी इनॅमलच्या मगात पाणी घेतलं आणि ती झोपलेली असताना तिच्या कपाळावर तीनदा शिंपडलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, पाळकांसारखा आवाज काढून. म्हातारी दचकून उठली आणि ओरडली, "काहून वं पोरी, मी मरून राहिली का? गंगाजल कोनं आनलं?" मग सगळा वॉर्डच उठला. शेजारच्या खाटेवरची बाई रडायला लागली, कोणीतरी म्हातारीच्या मुलाला बोलवा म्हणून ओरडलं. तू धावत आलीस. मला मारलं नाहीस. माझ्या हातात टॉवेल दिलास, माझ्याकडून म्हातारीचं तोंड पुसून घेतलंस, तिच्या पाया पडायला लावलंस. म्हातारी तोवर हसायला लागली होती. "जाऊ द्या सिस्टरबाई, ऊन लय हाय, गार वाटलं," म्हणाली. पण तू हसली नाहीस. व्हरांड्यात नेऊन मला म्हणालीस, "झोपलेल्या माणसाकडून होकार घ्यायचा नसतो. जागं असलं तर भीती घालूनही घ्यायचा नसतो." मी विचारलं, "मग ती तरेल का?" तू नळाखाली तो टॉवेल धुतलास, पिळलास, पुन्हा पिळलास. त्यात पाण्याचा थेंब राहिला नव्हता तरी पिळत राहिलीस. आज मी तुझ्या त्या वयाहून कितीतरी मोठी आहे आणि तू काय उत्तर दिलं असतंस, याचा अंदाज मला अजून करता येत नाही.

ह्यांना तर तू ओळखत होतीस. रजिस्टर लग्न करून आम्ही घरी आलो तेव्हा तू दारात उभी होतीस आणि पहिलं वाक्य ह्यांना बोललीस, "जेवून आलात की जेवायचंय?" मग ते मटण, आणि तिखटाने ह्यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि "सासूबाई, खापरखेड्याच्या बॉयलरमधीबी एवढी आग नाही," हे त्यांचं बोलणं. पॉवर स्टेशनमधला तो माणूस तुला आवडला होता. पुढे मी एकदा चिडून तुला म्हणाले होते, तू एकदा विचार त्यांना, तुझं ऐकतील. तू पोळी लाटत होतीस. म्हणालीस, "ऐकेल, म्हणूनच विचारत नाही. माझं मन राखायला पाण्यात उतरलेला जावई मला नको." पोळी उलटलीस आणि विषय संपला. तुझ्यापुरता.

पाळक गेल्यावर मी ह्यांना सरळच विचारलं. आडवळणं मला जमत नाहीत. ते उशीला टेकून बसले होते, आधी हसले. "म्हणजे डॉक्टर छाती फाडणार, अन् तू त्याच्याआधी मले बुडवून राहिली?" मी हसले नाही. मग ते गंभीर झाले. म्हणाले, "माही माय धम्माची दीक्षा घ्याले गेली होती ना, तवा पायी गेली. उभी राहून सोताच्या तोंडानं बोलली. घरी येऊन देव्हारा काढला, तं हात कापत होते तिचे. पण कोनी म्हनलं म्हनून नाही काढला. अन् मी इथं पडून, भेवापायी हो म्हनू?" तू व्हरांड्यात सांगितलेलंच तर ते सांगत होते. मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले.

पण काल त्यांनी स्वतःहून विषय काढला. मी औषधाच्या गोळ्या काढत होते. म्हणाले, "हे पाह्य वं, कालपासून तू जेवून नाही राहिली. तुले तसं बरं वाटत असन तं बोलाव त्या पाळकाले. टाका पानी. माह्यं काय जाते?"

आई, हाच तो होकार. इतकी वर्षं मी याचीच वाट पाहिली, आणि तो माझ्यासाठी आला, ख्रिस्तासाठी नाही. माझ्यासाठी ह्यांनी आपल्या मायची गोष्टसुद्धा बाजूला ठेवली. मी पाळकांना फोन करायला मोबाइल उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. विश्वासाशिवाय नुसतं पाणी काय करतं, हे मीच शिकवते. पण विश्वास म्हणजे नेमका केवढा, हे मला कोणी सांगेल का? दर रविवारी मला स्कूटरवरून चर्चला सोडून हा माणूस फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसायचा. बाहेर ऐकून ऐकून त्याला सगळी गीतं येतात. दाढी करताना गुणगुणतात, पहिलं कडवं चुकतात आणि धृपद बरोबर म्हणतात. हे विश्वासात धरलं जाईल का? देव दयाळू आहे याबद्दल मला शंका नाही. मला भीती वाटते ती तो माझ्यासारखा असण्याची. मी जन्मभर शाळेत पेपर तपासले, आणि अर्धं उत्तर लिहिणाऱ्याला कधी अर्धा गुण दिला नाही. उत्तर आहे किंवा नाही, असं म्हणायचे. तिथेही कोणी असंच लाल पेन घेऊन बसलं असेल तर?

आज दुपारी ते गोळी घेऊन झोपले होते. पडदा ओढलेला, पंखा फिरतोय, तोंड थोडं उघडं. मी स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन पलंगाजवळ उभी आहे. पाळकांना बोलवायची गरज नाही, प्राणावर बेतलं तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, असं मी स्वतःला सांगते आहे. बोटं पाण्यात बुडवलेली आहेत. शब्द सगळे पाठ आहेत. पण त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि मला ती म्हातारी दिसली, दचकून उठलेली, मी मरून राहिली का म्हणणारी. हे असे उठले तर? सोमवारच्या आधी ह्यांना मरणाची चाहूल माझ्याकडून लागावी?

तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. ग्लासाकडे पाहिलं, माझ्या ओल्या बोटांकडे पाहिलं. सगळं समजलं त्यांना, मला माहीत आहे. म्हणाले, "कोनासाठी आनलं पानी?"

"तुमच्यासाठी," मी म्हणाले.

"मंग दे ना. तहान लागली."

मी मानेखाली हात घालून त्यांना उठवलं आणि ग्लास ओठांना लावला. ते सगळं पाणी प्यायले.

तर मी पाळकांना फोन केलेला नाही आणि आता करणार नाही. बरे होऊन घरी आले आणि स्वतःच्या पायांनी चालत चर्चच्या फाटकाच्या आत आले, तर तो त्यांचा होकार. माझ्यासाठी दिलेला मी घेत नाही. हे बरोबर की चूक, ते मला सोमवारनंतरही कळणार नाही. हे पत्र तुझ्यापर्यंत येणार नाही. आलं असतं तरी तू टॉवेलच पिळत राहिली असतीस.

एक सांगायचं राहिलं. पिताना थोडं पाणी त्यांच्या हनुवटीवरून ओघळून गळ्यावर, छातीवर गेलं, सोमवारी जिथे कापणार आहेत तिथपर्यंत. नॅपकिन माझ्या खांद्यावरच होता. तू शिकवल्यापासून मी कोणाचं ओलं तोंड तसंच राहू दिलेलं नाही. आज मी ते पुसलं नाही. वाळेपर्यंत बसून राहिले.