कळवलं म्हणजे बोलावलं नव्हे

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

पितृपंधरवडा लागला. आता दोन आठवडे दाजीबानपेठेतल्या आमच्या दुकानात साडी घ्यायला कुणी फिरकणार नाही. या रिकाम्या दिवसांचं यंदा सोनं करायचं. कमलला दूधसागर दाखवणार. सकाळच्या गाडीनं धारवाड, अळणावर, लोंढा, कॅसलरॉक, मग घाट, बोगदे, धबधबा, खाली कुळे. संध्याकाळच्या गाडीनं हुबळीला परत.

कमलची अट एकच : दोघंच जायचं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण आपण दोघंच असे कधी कुठं गेलो नाही, असं तिचं म्हणणं. मी महाबळेश्वरची आठवण करून दिली. तेव्हा तुमच्या दोन आत्या बरोबर होत्या, म्हणाली. बायका नको ते लक्षात ठेवतात.

शब्द दिला. या वेळी जमलं नाही तर पुन्हा कधी विषय काढणार नाही, असंही म्हणाली. म्हणजे माझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

९ सप्टेंबर

रिझर्वेशन झालं. रविवार. दोन्ही सीट खिडकीच्या, समोरासमोर, धबधब्याच्या बाजूला. प्लॅनिंगमध्ये आपला हात कुणी धरणार नाही. घाटाचं पाच पानी टिपण तयार केलं. कुठला बोगदा कधी, कुठला पूल कधी, कमलनं केव्हा बाहेर बघायचं.

११ सप्टेंबर, दुकानात, गिऱ्हाईक नाही

एक पेच. धारवाडला सप्तापुरात वैशालीअक्का, माझी थोरली बहीण. अळणावरला सदाशिव, चुलतभाऊ, लाकडाची वखार. त्यांच्या स्टेशनावरून न सांगता पुढं जायचं? आमच्यात याला माफी नाही. तीन वर्षांपूर्वी धाकटे काका झोपेत अळणावर ओलांडून गेले. सदाशिव अजून त्यांच्याशी बोलत नाही.

दोघांना फोन केले. फक्त कळवलं. कळवलं म्हणजे बोलावलं नव्हे. कमलला हे सांगायची गरज वाटली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी ६.५०

गाडी वेळेवर सुटली. कमल मोरपंखी साडीत. छान दिसते, असं सांगायचं ठरवलं आहे. घाटात सांगेन.

७.३०

धारवाडला अक्का प्लॅटफॉर्मवर. तीन डबे : शेंगाच्या पोळ्या, भाकरी, दहीबुत्ती. शिवाय अळणावरपर्यंतचं तिकीट काढून आली होती. तेवढंच बोलणं होईल बघ, म्हणाली. माझ्या सीटवर बसली. मी उभा. अक्कानं गुडघ्यांचं सगळं सविस्तर सांगितलं.

कमल खिडकीबाहेर बघते आहे. रागावलेली नाही, कारण काहीच बोलली नाही.

८.२५, अळणावर

गाडी गेली. कमल गाडीत. मी प्लॅटफॉर्मवर.

हे कसं झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. अक्काचे डबे उतरवायला मी दारापर्यंत गेलो. (डबे आमच्यासाठी होते. पण सदाशिवच्या घरीही थोडं द्यावं, असं तिला ऐन वेळी वाटलं.) खाली सदाशिव, त्याची बायको, दोन मुली आणि चहाची किटली. म्हणाला, अण्णा, आमच्या गावावरून चहा न घेता जायचं म्हणजे काय री, उतरा की दोन मिनिटं. गाडी थांबतेच दोन मिनिटं, आणि मला वेळेचा अंदाज पक्का. उतरलो. चहा फार गरम होता. बशी मागितली, तिथं चुकलं.

कमलला फोन केला. लोंढ्याला उतर, म्हटलं, सदाशिवच्या जीपनं येतो. बघते, म्हणाली.

९.४०

जीप सुरू होत नाही.

११.१५

कमलचा फोन लागत नाही. घाटात रेंज नसते, हे टिपणात दुसऱ्या पानावर मीच लिहिलं आहे. टिपण खिशात. तिला कुठला बोगदा आला हेसुद्धा कळत नसेल. सदाशिव जेवायला बोलावतो आहे. घास उतरणार नाही.

दुपारी २.१०

जेवलो. फोटो आला. कमल खिडकीत, मागं अख्खा दूधसागर, केस तुषारांनी भिजलेले. डब्यातल्या कॉलेजच्या मुलींनी काढला म्हणे. खाली लिहिलं आहे : कुळ्याला पोचले, मासे खाल्ले, काळजी करू नका.

अक्कानं फोटो मोठा करून बघितला. कमल अशी हसते होय रे, म्हणाली. मीही तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कमल दोन दिवस आनंदात आहे. भांडली नाही. एका अर्थी ट्रिप यशस्वी, आणि प्लॅन माझाच होता. आज म्हटलं, दसरा झाला की परत जाऊ, नीट, दोघंच.

तिनं ५ ऑक्टोबरचं रिझर्वेशन आधीच करून ठेवलं आहे. एकच सीट. माझी? विचारलं. तिनं आवाज जराही चढवला नाही. दोघांनी जायची हौस होती, म्हणाली, ती तुमच्याबरोबर अळणावरला उतरली.

फार वाईट वाटलं. नेमकं कारण सापडत नाही, जे लिहीन ते खोटं होईल.

निदान स्टेशनावर सोडायला येऊ का, विचारलं. या, म्हणाली. पण एकटेच या.